पाचवी तार आणि खालचा मजला

नको भाऊ, ती आतड्याची तार ठेवा आत — तसलीच लावून पस्तावलेय. तुम्हीच गळ्यात मारलीत ना — ताई, सगळ्यात खालची तार मऊ घ्या, लोण्यासारखा आवाज येतो म्हणून — येतो, मी कुठे नाही म्हणते? पण गज फिरवायचा आणि वाट बघत बसायचं, सूर आपला जांभई देत सावकाश येणार, तोवर बाकीचा वाद्यवृंद पुढच्या ओळीवर. चार तारांचा डबल बेस असता तर ही भानगडच नव्हती, पण माझी हौस दांडगी, त्या माणसाएवढ्या व्हायोलिनला मला पाचवी तार हवी, तळातला खर्ज हवा — आता भोगतेय.

ती पोलादी दाखवा. हं, ही. जाड आहे, नाही? खुंटीत जाईल ना — जाईल, न जायला काय झालं. घोडीवर ताण येईल? येऊ दे हो, तिला तरी दुसरं काय काम आहे. मला एवढंच सांगा, ही खाली उतरते का — म्हणजे वाद्याच्या तळाच्या खिळ्यातून फरशीत, फरशीतून खालच्या मजल्यावर? असे बघू नका. लोक शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून धडपडतात, ठाऊक आहे मला.

आता विषय निघालाच आहे तर — खाली एक गृहस्थ राहतात. एकटेच. घरीच घड्याळं दुरुस्त करतात. माझी जुनी तार वाजली की त्यांच्या टेबलावरचे बारीक स्क्रू नाचायचे म्हणे, मग ते काठीनं छत ठोकायचे. मी थांबायचे? छे. मी आणखी एकदा वाजवायचे, ते आणखी एकदा ठोकायचे, रोज संध्याकाळी हेच — आणि ठोकण्यात ताल होता हो, आमच्या ड्रमवाल्यापेक्षा बरा. वहिनी म्हणायची, तक्रार कर त्या माणसाची. मी म्हटलं, कशाला उगीच, म्हातारा माणूस — तसे म्हातारे नाहीत, माझ्याच वयाचे आहेत. केस आहेत डोक्यावर.

मग तुमची ही मऊ तार लावली आणि खाली चिडीचूप. मी मुद्दाम तीच तार घासत बसले, खांदा भरून आला, पण ठोकण्याचं नाव नाही. परवा जिन्यात भेटले, तर माणसानं काय म्हणावं — आता तुमचा काहीच त्रास होत नाही, आभारी आहे. वर टोपी काढून. घरी जाऊन मला असं रडू — रडू नाही, डोळ्यात काहीतरी गेलं होतं — जाऊ दे, रडलेच. घर इतकं गप्प कधी नव्हतं भाऊ.

तेव्हा ही पोलादी बांधा. काय? सरळ खाली जाऊन बेल वाजवू? आणि सांगू काय, तुम्हाला माझा त्रास होत नाही याचा मला त्रास होतो? हसताय काय. घड्याळ घेऊन जाऊ दुरुस्तीला — अहो, सुचलं नसेल का मला? पण घरातलं एक घड्याळ बंद पडेल तर शपथ, सगळी मेली ठणठणीत. हे मनगटावरचं? हेही चालतंय की, बघा, अगदी बरोबर —

थांबा. तारा कापायची ती पक्कड द्या इकडे. नाही, तारेला नको. आणि तुम्ही जरा तिकडे तोंड करा.