फ्यूजच्या जागी तार

— असं नाही शेठ, आधी वेळ लिहायची, मग जागा, बाकीचं नंतर. लिहा: वीस तारीख, शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं, पोस्टासमोरचा चढ, गाडीत एकटी बाई. इतकं कोरडं. बत्तीस वर्षं लिफ्ट तपासल्या मी, अडकलेल्या, आदळलेल्या, पण अहवालात ‘दुर्दैवाने’ हा शब्द एकदाही घातला नाही. दुर्दैव वगैरे काही नसतं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं सोडलेलं असतं. त्याचं नाव लिहायचं आणि खाली सही. आज सही तुमची. तुमच्याच दुकानाच्या लेटरहेडवर, आणि तो कागद महिनाभर तुमच्या काउंटरवर काचेखाली राहील. — का म्हणजे? गिऱ्हाइकांना वाचायला.

उठा आता, हा दहा नंबरचा पाना धरा. तुमच्याच हातांनी होऊ दे, म्हणजे उद्या म्हणायला नको की म्हाताऱ्यानं खेळ केला. आधी बॅटरीची काळी वायर काढा. लाल नाही — काळी आधी. इतकी वर्षं दुकान चालवताय आणि हात लालकडे जातो तुमचा. काढली? बाजूला ठेवा, परत टेकायला नको. आता दहा मिनिटं काहीच करायचं नाही. गाडीतला बंद पडलेला म्युझिक सेट घरी बघायचा तर हे एवढंच तर शहाणपण लागतं: वीज तोडायची, थांबायचं, फ्यूज बघायचा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच ताकदीचा दुसरा घालायचा. तोही गेला तर तिसरा घालायचा नाही, कुठली वायर कुठे घासतेय ते शोधायचं. लहान मुलाला कळेल. तुम्ही काय केलंत? सेट दोनदा बंद पडला म्हणून तुमच्याकडे आलो, तर पाच मिनिटांत ‘झालं काका, वाजतंय’. मी विचारलं, काय होतं? तर चार गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणालात, “काका, ही लिफ्ट नाही, गाडी आहे. तुम्ही बटण दाबायचं, गाणी ऐकायची.” हसले ना सगळे. तो तुमचा फिटर तर पोट धरून हसला. मी सहसा बोलत नाही, लक्षात ठेवतो.

— झाली दहा मिनिटं. पट्टी काढा आता, सेट बाहेर ओढा. हळू, प्लॅस्टिक वितळून चिकटलंय. वास येतोय? आठ दिवस झाले तरी जात नाही. ही बघा पिवळी वायर, या पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली. फ्यूज उडत होता तो हिच्यामुळे. तो बिचारा आपलं काम करत होता, आणि तुम्ही त्यालाच काढून टाकलंत. डायरेक्ट केलंत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार, वर टेप. चढावर गाडीला हादरा बसला, वायर पत्र्याला टेकली, आणि तोडायला मधे कुणीच नाही — तार लालबुंद झाली. आमच्या हिनं बटण दाबलं, सेट बंद होईना. धूर निघाला तसा घाबरून सेटचं तोंडच उपटायला गेली. उजवा हात. तीन बोटं, शेठ. वीस वर्षं शिवणाचे वर्ग घेते ती. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी मिटतील असं नाही. त्या तिथे पायरीवर बसलीय ती. बघा तिच्याकडे, माझ्याकडे काय बघताय.

— काय? मी तार घातली? हां, याचीच वाट बघत होतो. ‘काकांनी घरी उघडलं म्हणून जळलं’ — गल्लीभर सांगत फिरताय ते तुम्ही, कानावर आलंय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. हा घ्या मोबाइल, हा फोटो मोठा करून बघा. दोन्हीकडून तांबं डोकावतंय, आणि मधे टेपवर तुमच्या वॉरंटीचं स्टिकर, वर तुमची सही. अख्खं आहे ना? कुठे फाटलंय? सेट पुन्हा बंद पडला तेव्हा मी याच पोर्चमध्ये, काळी वायर काढून, नीट उघडला आणि फोटो घेतला. तारेला बोटसुद्धा लावलं नाही. हात लावला असता तर स्टिकर फाटलं असतं, आणि मग तुम्ही सुटलाच असता. तार जरा सैल झाली होती, सेट आत ढकलताना बसली आणि लागला की वाजायला. मी होता तसा ठेवला. ठरवलं होतं, पुढच्या रविवारी, एकवीसला, तुम्हाला बोलवायचं, शेजारचे दोघं साक्षीला उभे करायचे आणि सगळ्यांदेखत उघडायचा. पुरावा हलवायचा नसतो शेठ, नोकरीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात —

काय हसताय?

तारीख? असेल ना तारीख, फोटोवर तारीख असतेच. चौदा. मग? त्यानं तर हेच सिद्ध होतं की तार आधीपासून — अगं, तू कशाला उठलीस, बस. डॉक्टरांनी हात खाली सोडू नको म्हणून सांगितलंय ना. मोबाइल? तुला काय करायचाय मोबाइल, तेच दाखवतोय मी यांना. बरं, घे. चौदाच आहे, हो. — सांगितलं होतं की मी तुला, सेट लावू नकोस म्हणून. नव्हतं सांगितलं? रविवारी रात्री जेवताना... नाही, तेव्हा आपण तुझ्या वर्गाचं बोलत होतो. मग सोमवारी. सोमवारी सांगितलं असेल. अगं, तू सेट लावतेस कुठे एरवी, मला वाटलं सहा दिवसांचा तर प्रश्न आहे, सहा दिवस —

शेठ, तुम्ही निघा आता. राहू दे तो कागद. पाना ठेवा तिथेच आणि या तुम्ही.

— काय म्हणालीस? गाडीची किल्ली? किल्ली... दारामागच्या खिळ्याला होती. रोजच्याच जागी.