अस्वलीण रडत नाही

तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या चित्रकार बाईंनी तरुणपणी एका कार्टून सिनेमातली अस्वलीण एकेक चित्र काढून चालती केली होती. इतक्या वर्षांनी तो सिनेमा पुन्हा लागला होता. त्यांच्या पुढे उभी असलेली एक मुलगी कालच बाबांबरोबर तो बघून आली होती, आणि आज आजोबांना घेऊन आली होती.

"आजोबा, लांडगा वाईट नाहीये हं."

"अगं, पिल्लू पळवतो ना तो?"

"भूक लागलीय त्याला. जेवायला उशीर झाला की तुम्ही नाही का आजीवर डाफरत?"

"बरं बरं. मग अस्वलीण काय करते? रडते?"

"छे! रडतच नाही. पाय मोडलेला असतो, तरी उठते. आधी पुढचे पंजे टेकते, जरा थांबते, मग उठते. बघा, अशी!"

"जमिनीवर लोळू नकोस. फ्रॉक मळेल."

"ती उठते ना, तेव्हा सगळं थिएटर गप्प होतं. बाबा तर रडले."

"तुझा बाप? तो लहानपणीसुद्धा रडला नाही कधी."

"काल रडले. डोळ्यात कचरा गेला म्हणाले."

बाईंची मान नकळत ताठ झाली. मुलीने वळून पाहिलं.

"आजी, ती पडते तेव्हा घाबरू नका हं. उठते ती."

"माहीत आहे, बाळा. तिला पायावर मीच उभं केलंय."

"म्हणजे?"

"ती अस्वलीण मी काढलीय. नखांपासून कानांपर्यंत."

 मुलीने आजोबांचा हात धरून त्यांना बाजूला ओढलं.

"सरका, आजोबा! यांना पुढे जाऊ द्या. अस्वलिणीची आई आलीय."