एका पाकिटातल्या चौघी

...आणि वर मलाच विचारतात, "तू फोटोच्या मागे नाव कशाला लिहिलंस?" म्हणजे काय, लिहायला सांगितलं कुणी होतं? ओळखपत्रासाठी एक फोटो, मागे पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात, असा कागद ऑफिसच्या जिन्यात चिकटवला होता तो काय मी चिकटवला होता? लिहिलं मी सुवाच्य अक्षरात. आयुष्यात एकदाच माझं अक्षर कुणाला वाचता आलं, आणि त्याचं हे झालं.

तुम्हाला सांगते, मी मुळात घाबरट नाही. म्हणजे आहे, पण इतकी नाही. फोन वाजला की दचकते, दार वाजलं की दचकते, आरशात अचानक मीच दिसले तरी दचकते, पण आई म्हणते तो स्वभाव आहे. हे आत्ता जे चाललंय तो स्वभाव नाही हो. हे मोजून चाललंय. अकरा-अकरा दिवसांनी.

नाव मात्र मी सांगणार नाही हं. तुमच्यात कुणाचं तेच निघालं तर उगाच...

मी वर्तमानपत्रात आहे असं आई सगळ्यांना सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं मी मंत्र्यांना प्रश्न विचारत असेन. मी कात्रण विभागात आहे. तळमजल्याच्याही खाली. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट आहे ती मनात आलं तर लागते, आणि भिंतभर लोखंडी कपाटं. कपाटात खण, खणात खाकी पाकिटं. ज्याचं नाव पेपरात आलं त्याचं पाकीट. त्यात कात्रणं, फोटो आणि माणूस पंचाहत्तरीच्या पुढे गेला की त्याचा मृत्युलेख. आधीच लिहून. फक्त तारीख मोकळी. हो, जिवंतपणी! मला पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा मी खाली बसून पाणी मागितलं होतं. आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे कात्रीकाका म्हणतात कारण लोकांच्या गळ्यात चष्मा असतो तशी त्यांच्या गळ्यात दोरीला कात्री असते, ते शांतपणे म्हणाले, "अगं, माणसं ऐन वेळी जातात. आपण ऐन वेळी लिहायला बसलो तर पान छपाईला कधी जायचं?"

आणि काकांचा नियम एकच. नाव एक, पाकीट एक. एका नावाची तीन माणसं असली तर? तरी पाकीट एक. मी म्हटलं, काका, गोंधळ होईल. "तीस वर्षांत झाला नाही," म्हणाले. तीस वर्षं तो माझीच वाट बघत होता, दुसरं काय.

तर माझ्या नावाचं पाकीट. आडनावासकट तेच नाव, नातं कुणाचं कुणाशी काही नाही. एक मोठ्या गायिका, वय एक्याण्णव. दुसऱ्या पोहणाऱ्या, तरुणपणी अख्खी खाडी पार केलेल्या, वय चौऱ्याऐंशी. तिसऱ्या निवृत्त न्यायाधीश, वय अठ्ठ्याहत्तर. काकांनी मला ते कौतुकानं उघडून दाखवलं. "बघ, तुझ्या नावाच्या तीन-तीन थोर बायका. तू चौथी हो." मी हसले. तेव्हा हसले हो मी.

मग गायिकाबाई गेल्या. वरून फोन आला, मी दचकले, पाकीट वर पाठवलं. वर पानं लावायला जो बसतो त्याला आम्ही मोजपट्टी म्हणतो, कारण त्याला चेहरे दिसतच नाहीत, लांबी-रुंदी दिसते. सकाळी पेपर उघडते तर बातमी गायिकेची आणि फोटो पोहणाऱ्या बाईंचा. मी धावत वर. मोजपट्टी म्हणतो कसा, "मागे नाव बघितलं. माप बघितलं. गायिकाबाईंचे सगळे फोटो आडवे, मला हवा होता उभा. लावला." पण माणूस वेगळं आहे ना रे? "नाव तेच आहे ना?"

दुपारी पोहणाऱ्या बाईंचाच फोन. असला खणखणीत आवाज. "अगं मुली, मी आहे हं अजून. आज सकाळीच पोहून आले. पण फोटो छान लावलात, सून म्हणाली, आई, तुम्ही काय दिसत होतात." मनमोकळं हसल्या, मला म्हणाल्या, घाबरू नकोस. इतकी गोड बाई.

अकराव्या दिवशी गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या.

वय होतं, सगळे म्हणाले. मीही म्हणाले. आणि या खेपेला मी पक्कं केलं, त्यांच्या फोटोला टाचणीनं चिठ्ठी लावली, 'हाच. हाच लावायचा.' खाली दोन रेघा मारल्या. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कोण? न्यायाधीशबाई! मोजपट्टी म्हणाला, "टाचणीनं स्कॅनरची काच खराब होते, म्हणून काढली. मग कुठला ते कळेना." अरे, पोहण्याच्या पोशाखातली कुठली आणि काळ्या कोटातली कुठली, हेही कळेना? "पोशाखाचं काय, या वेळी जागा दोन कॉलमांची होती, ती त्यात बसत नव्हती."

न्यायाधीशबाईंचा फोन मीच घेतला. त्या हसल्या नाहीत. "चूक कुणाची?" मी म्हटलं, पद्धतीची. नाव एक, पाकीट एक, असं आहे आमच्याकडे. "आणि तुमचं नाव काय?" आता न्यायाधीशांना खोटं कसं सांगायचं? सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "मग जपून राहा, बाळ."

आधी अहोजाहो करत होत्या, एकदम बाळ. मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. आठ, नऊ, दहा... आणि अकराव्या दिवशी फोन वाजला तेव्हा, तुम्हाला सांगते, मी दचकलेसुद्धा नाही.

वर पाकीट गेलं. मी स्वतः घेऊन गेले, मोजपट्टीच्या डोक्यावर उभी राहिले, काळ्या कोटावर बोट ठेवून म्हटलं, ह्या बाई. तो हो म्हणाला. मी खाली आले. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हा फोटो तर आपण अकरा दिवसांपूर्वीच वापरलाय, मृत्यूच्याच बातमीला, परत कसा लावणार? वाचक काय म्हणतील? म्हणून त्यानं पाकिटात हात घातला आणि दुसरा काढला. उभा. दोन कॉलमात चपखल.

माझा.

ओळखपत्रासाठी दिलेला! काकांना टेबलावर सापडला, मागे नाव दिसलं, आणि पुढे चेहरा कुणाचा आहे हे बघण्याची त्यांना तीस वर्षांत सवयच नाही... टाकला पाकिटात. मी समोर बसलेली असताना.

सकाळी जिन्यात शेजारच्या काकू मला बघून पायरीवरच बसल्या. मावशी फोनवर आधी रडली, मग मी बोलतेय हे कळल्यावर म्हणाली, "फोटो तरी बरा द्यायचास गं, चार लोक बघतात." आईनं पेपर दोनदा वाचला. "निवृत्त न्यायाधीश," म्हणाली, "चला, निदान काहीतरी झालीस." आणि डबा हातात दिला. पण त्या दिवसापासून ती मला बसस्टॉपपर्यंत सोडायला येते. कारण सांगत नाही. मीही विचारत नाही.

मी काकांना म्हटलं, माझा फोटो पाकिटातून काढा. तर म्हणे, "आता कसा काढणार? छापून आला ना. छापून आलेला फोटो म्हणजे नोंद. तो बाहेर जातो तो थेट बंद कपाटात, माणूस गेल्यावरच." त्या तिघींचे गेलेच होते तिकडे. मी म्हटलं, काका, मला भीती वाटते. त्यांनी कात्री खाली ठेवली, हे ते सहसा करत नाहीत. "अगं, एक्याण्णव, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. वयानुसार चाललंय सगळं. तू चोवीस. नंबर तुझा आहे, पण मधे चोपन्न वर्षं आहेत." याला काय म्हणायचं, दिलासा?

आणि काल टपालानं पाकीट आलं. मुलांच्या पानासाठी. एका बाईनं लिहिलं होतं, 'आपल्या पेपरात न्यायाधीशबाईंची बातमी वाचली, किती तरुण आणि निरागस चेहरा होता हो त्यांचा, म्हणून आम्ही आमच्या मुलीचं नाव तेच ठेवलंय. आडनाव आमचं तेच आहे, हा योगच.' सोबत फोटो. दीड महिन्याची, मुठी आवळलेली, तोंडाचा चंबू. उभा फोटो. मागे नाव. सुवाच्य अक्षरात.

काका हात पुढे करून म्हणाले, "आण इकडे. नाव एक, पाकीट एक."

मी खरं सांगते, एक क्षण मी दिला असता. अगदी खरं. पाकिटात मी एकटी होते; आता दोघी होणार होतो. पुढच्या वेळी मोजपट्टीनं हात घातला असता तर कोण आलं असतं कुणास ठाऊक... एवढा विचार झाला माझा. आणि त्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या अकरा दिवसांचीही वाटली नव्हती. मी म्हटलं, नाही. काका म्हणाले, "नियम आहे." मी म्हटलं, असू दे. फोटो पिशवीत टाकला, स्वतः पोस्टात गेले, परत पाठवला. चिठ्ठीत लिहिलं, 'फोटो फार गोड आहे, पण आमच्या मापात बसत नाही.'

परत आले तर मोजपट्टी खाली आलेला. तो कधी खाली येत नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाकिटात आता तुझा एकच उरलाय. त्यात जरा घाबरलेली दिसतेस. एखादा चांगला काढून ठेव ना." सहजच म्हणाला असेल. माणूस वाईट नाही.

आज अकरावा दिवस. सकाळी ऑफिसला जायच्या आधी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, हसा. हसले. आडवा की उभा? मी म्हटलं, उभा, दोन कॉलमी. त्यानं प्रिंट काढली, पेन उघडलं आणि विचारलं, मागे नाव लिहू?

म्हटलं, लिहा. निदान माझ्या वेळी तरी चूक नको.