गिळलेलं टिंब आणि झाकून ठेवलेलं पान

सांगा मंडळी, एकासाठी सगळ्यांना थांबवावं, की सगळ्यांसाठी एकाला मागं सोडावं? नुसत्या माना हलवू नका, आधी गोष्ट ऐका, मग बोला!

नाशकात मैथिली नावाची एक सून. अंधांना कागद वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तिच्या हाताखाली तयार व्हायचा. पण मेल्याला एक खोड — दशांशाचं टिंब गिळायचा! औषध दीड मिली, हा म्हणे पंधरा! हसताय काय? जीव जाईल कुणाचा!

मैथिलीनं खोड काढली. दुपारी नवी आवृत्ती सोडायची, तर जोडीदार ओजस म्हणाला, "ताई, जुन्या कंपायलरवर ही बांधलीच जात नाही."

कंपायलर म्हणजे कोण? माणसाचं लिहिणं यंत्राला समजावणारा दुभाष्या! म्हाताऱ्या दुभाष्याला नवे शब्द कळेनात. नातू बोलला की आम्ही नाही का म्हणत — "आँ?"

"जुना वापरतं कोण अजून?"

"डोंगराकडचं अंध मुलींचं वसतिगृह. त्यांच्या मशीनवर नवा चालत नाही. सगळं जुळवायचं तर आठवडा जाईल."

"मग थांबू."

"थांबलो तर गावोगाव पंधराच वाचेल, ताई!"

इकडं आड, तिकडं विहीर!

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. घरी नणंदेचं डोहाळजेवण. "अगं, विहीणबाई कसारा घाटात अडकल्यात! पानं मांडलीत, पोटुशी पोर भुकेजलीय. काय करू?"

"बसवा पंगत, आई! त्यांचं पान काढून झाका. मी येते, मी वाढीन, त्यांच्याबरोबरच जेवीन."

विहीणबाईला सोडून पंगत! छाती लागते, बायांनो! — पण बोलली नि थबकली. उत्तर तिच्याच तोंडून आलं की हो!

"ओजस, सोड नवी! आणि टिंबाची दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत बसवायला घे. बाकीचं मागाहून."

मग वसतिगृहाच्या कुमुदबाईंना फोन. "बाई, औषधाचं आज मशीनचं ऐकू नका, तुम्ही बघून द्या. दुरुस्ती मागून येतेय, तुमचं पान काढून ठेवलंय."

"वाढायला विसरू नकोस म्हणजे झालं!" बाईंनी सुनावलं.

नवी सुटल्याचा पेढा ओजसनं पुढं केला. मैथिलीनं हात मागं घेतला. "वाढणारी आधी खाते होय रे?"

दिवेलागणीला फोन वाजला. वसतिगृहातली एक पोर म्हणाली, "ताई, ऐका हं!" मागून मशीन बोललं — "एक पूर्णांक पाच दशांश." मैथिलीचे डोळे भरले. मग घेतला तिनं पेढा!

घरी पोचली, तर विहीणबाई जेवून, ओटी भरून गेलेल्या. "चुकले, आई. वाढायला आले नाही."

सासूबाईंनी झाकण काढलं. दोन पानं! मैथिलीनं विचारलं, "तुम्ही जेवला नाहीत?"

"वाढणारी आधी जेवते होय गं?"

मंडळी, पंगत थांबवू नका. पण आज घरी गेलात की बघा, तुमच्या चुलीपाशी कुणाचं पान झाकलंय का. नसेल, तर पोट भरलं असेल तुमचं — जेवण नाही झालं!