कर्फ्यूनंतरचं बोलणं

दुर्गा : कपडे चार जोड दे, तिची बाहुली दे, आणि तू खाली उतरू नकोस. आईची रडारड बघितली की पोर बिचकते.

उर्मिला : वासंती कुठेही जाणार नाही, वन्सं.

दुर्गा : अगं, तीन वर्षांची घोडी झाली. पोपटासारखी बोलायची, आणि आता महिना झाला, तोंडातून अक्षर नाही. बघ, कशी दाराला चिकटून उभी आहे. दादरला माझी पोरं दिवसभर कलकलाट करतात. त्यांच्यात राहिली की लागेल बोलायला. अच्युत, तू सांग की बायकोला.

अच्युत : ताई म्हणते ते... म्हणजे, थोडे दिवस बघायला हरकत नाही. डॉक्टरही म्हणाले, जागाबदल करून बघा.

उर्मिला : तिच्याशी बोलत राहा, असंही म्हणाले. ते तुम्ही ताईंना सांगितलं नाहीत.

दुर्गा : बोलते की ही. मघाशी जिन्यातून ऐकलं मी. 'हा तांदूळ, हा खडा, खडा टाकला बाहेर.' शेजारच्या काशीबाई हसत होत्या. म्हणाल्या, आई गेल्यापासून उर्मिला सुपाशी बोलते.

उर्मिला : हसू देत. माझी आई तशीच बोलायची वासंतीशी. भाजी चिरताना, वेणी घालताना. बोलून झालं की थांबायची, ही काय म्हणते त्याची वाट बघत. मीही थांबते.

दुर्गा : आणि ही काय म्हणते?

उर्मिला : अजून काही नाही.

दुर्गा : मग? वेखंड आणलंय, ते उगाळून जिभेला लाव. पण नेऊ दे मला. या खोलीत जिकडेतिकडे तुझी आई आहे. पोरीसमोर तिचं नाव काढू नका, म्हणून मी तेव्हाच बजावलं होतं.

उर्मिला : आजी गावाला गेली, असं तुम्हीच तिला सांगितलंत. कुठलं गाव, वन्सं? आईच्या कितीतरी पिढ्या याच गिरगावात गेल्या.

दुर्गा : मग काय सांगायचं होतं, मेली म्हणून?

उर्मिला : हो.

अच्युत : हळू बोल, ती ऐकतेय. आणि खाली सभेची पोरं जमलीत, जिन्यात कोण कोण उभं असतं. माझी सरकारी नोकरी आहे, उर्मिला.

उर्मिला : मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून सगळं गिरगाव घसा फोडतंय, आणि मी माझ्या घरात कुजबुजू? ते पुरे झालं आता. काल तुम्ही ऑफिसात होतात, तेव्हा पोस्टमन आला. त्याचे खाकी कपडे दिसले मात्र, वासंती धावत आली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून धरलं तिने.

अच्युत : खाकी...

उर्मिला : कर्फ्यूत आपण तिला काय सांगत होतो?

अच्युत : आवाज करू नकोस, म्हणून. बाहेर गोळीबार चालला होता, पोलीस जिने चढत होते. चाळीत सगळेच आपापल्या पोरांना सांगत होते.

उर्मिला : पुरतं सांगा.

अच्युत : आवाज केलास तर पोलीस घेऊन जातील.

उर्मिला : त्या रात्री आईला श्वास लागला. डॉक्टर पलीकडच्या गल्लीत, पण यायला त्यांच्याकडे पास नाही. वासंती जागी झाली आणि 'आजी, आजी' म्हणून ओरडली. तुम्ही तिच्या तोंडावर हात ठेवलात. सकाळी आईला न्यायला कोण आलं?

अच्युत : चौघंच. तेवढ्यांनाच परवानगी मिळाली. आणि त्यांच्याबरोबर एक पोलीस होता.

दुर्गा : अगं बाई.

उर्मिला : ही ओरडली, आणि पोलीस येऊन आजीला घेऊन गेले. हिच्या लेखी एवढंच घडलंय. आणि आता तुम्ही हिलाच न्यायला आलात.

दुर्गा : मला काय स्वप्न पडलं होतं असलं काही? पण म्हणून एवढ्याशा पोरीला मरणाचं सांगतात का कुणी? घाबरेल ती.

उर्मिला : घाबरलेलीच आहे. बसायचं तर बसा, वन्सं, नाहीतर वेखंड ठेवून निघा. मी सांगणार आहे.

(उर्मिला वासंतीसमोर जमिनीवर बसते.)

उर्मिला : वासू, आजी गावाला गेली नाही. आजी आजारी होती. तिला श्वास घेता येईना. मग ती मेली. मेली म्हणजे आता ती परत येणार नाही. पोलिसांनी तिला नेलं नाही. तू हाक मारलीस म्हणून तर मुळीच काही झालं नाही. तुझी हाक ऐकली तिने. तिला आवडायची तुझी हाक.

अच्युत : तिला कळतंय का हे सगळं?

उर्मिला : थांबा. कोणी मध्ये बोलू नका.

दुर्गा : किती वेळ?

उर्मिला : तिला लागेल तितका.

वासंती : ...दुखलं?

उर्मिला : हो, बाळा. थोडं दुखलं. मग थांबलं.