डोळे मिटून केलेला अर्ज

मधुवंतीबाई: सात वाजता हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये तू प्रार्थना चालवलीस. सव्वासातला सेक्रेटरी माझ्या केबिनमध्ये आले. मधे काय झालं, ते तुझ्या तोंडून ऐकू दे.

रश्मी: तुम्ही पुढच्याच बाकावर होतात की मॅडम.

मधुवंतीबाई: माझे डोळे मिटलेले होते.

रश्मी: आणि कान?

मधुवंतीबाई: रश्मी, मी इथली मेट्रन आहे, तुझी मावशी नाही.

रश्मी: मी म्हणाले, प्रभू, स्त्री वॉर्डाला दोन सिस्टर पाहिजेत. आमच्या विश्वस्तांना त्या नेमायची इच्छा दे.

मधुवंतीबाई: आणि सगळा स्टाफ आमेन म्हणाला.

रश्मी: जरा मोठ्यानं म्हणाला, ते खरंय.

मधुवंतीबाई: शामकांत सरसुद्धा म्हणाले. सवयीनं. त्याचाच त्यांना जास्त राग आलाय.

रश्मी: मग सेक्रेटरींची संमती झालीच की.

मधुवंतीबाई: चेष्टा पुरे. आज अकराला विश्वस्तांची मीटिंग आहे, म्हणून तर ते सकाळीच आलेत. तुला कायम करायचा विषय त्यात आहे. सर म्हणतात, प्रार्थनेत बोलले ते चुकलं, एवढं दोन ओळींत लिहून दे. नाही दिलंस तर महिनाअखेरीला काँट्रॅक्ट संपतंय. हा कागद घे.

रश्मी: माफी कुणाकडे मागू? मी देवाशी बोलत होते.

मधुवंतीबाई: देवाशी काय बोलायचं ते बोल. डोळे मिटून विश्वस्तांना अर्ज करायचा नाही.

रश्मी: उघड्या डोळ्यांनी केलेला अर्ज तुम्हीच ठेवून घेतलात. पुढे पाठवलाच नाहीत.

मधुवंतीबाई: योग्य वेळ बघून देणार होते.

रश्मी: आरती सिस्टर बाळंतपणाला गेली, तेव्हापासून तिची ड्यूटीपण मीच करतेय. रात्र संपली की दुपारी परत हजर. भिंगारला घरी जाते ती नुसती अंघोळीपुरती. आई म्हणते, तू लॉजवर आल्यासारखी येतेस.

मधुवंतीबाई: मिशनचं हॉस्पिटल आहे हे. इथं सेवेला आलीस का पगाराला?

रश्मी: दोन्हीला. घरभाडं सेवेत भरता येत नाही.

मधुवंतीबाई: मी या वॉर्डात उभं आयुष्य काढलं. कधी कुरकुर केली नाही.

रश्मी: म्हणून रविवारी उपदेश सुरू झाला की झोपेनं तुमची मान खाली जाते. पाळकसाहेबांनी परवा मला विचारलं, मेट्रनबाईंची तब्येत बरी आहे ना?

मधुवंतीबाई: पाळकांनी? असं विचारलं?

रश्मी: काळजीनंच विचारलं. मॅडम, तुम्ही रोज सकाळी आमच्यासाठी शक्ती मागता. मला शक्ती नकोय, झोप पाहिजे. प्रभूसुद्धा नावेत झोपला होता, वादळ चालू असताना.

मधुवंतीबाई: बरोबरी कुणाशी करतेस, कळतंय का?

रश्मी: बरोबरी नाही. त्याला झोप लागत होती, तर मलाही लागणार, एवढंच म्हणते.

मधुवंतीबाई: मग हे मला येऊन सांगायचं होतंस. सगळ्यांसमोर कशाला?

रश्मी: उजाडताना एक गोष्ट झाली. तुम्हाला कसं सांगावं कळेना. तशीच प्रार्थनेला उभी राहिले, आणि तोंडातून तेवढंच निघालं.

मधुवंतीबाई: काय झालं?

रश्मी: भीमाबाईंना इन्सुलिन द्यायला गेले. ते दिलेलं होतं. मीच दिलं होतं, थोड्या वेळापूर्वी. मला आठवतच नव्हतं.

मधुवंतीबाई: परत दिलंस?

रश्मी: सुई टेकवली होती. म्हातारीनंच दंड ओढून घेतला. म्हणाली, बाई, आत्ताच तर टोचलंस, तुला काय झोप लागलीय का?

मधुवंतीबाई: शुगर बघितलीस?

रश्मी: दोनदा. ठीक आहे. नाष्टा झाला, आता शेजारणीला माझी गंमत सांगतायत.

मधुवंतीबाई: डॉक्टरांना?

रश्मी: अनीश सरांना लगेच सांगितलं. त्यांनी तपासलं. तुम्हाला आता सांगतेय.

मधुवंतीबाई: थांब. जरा बोलू नकोस.

रश्मी: बरं.

मधुवंतीबाई: त्या झोपेत असत्या तर?

रश्मी: तुम्हीच म्हणालात, बोलू नकोस.

मधुवंतीबाई: आज रात्री वॉर्डाला कोण आहे?

रश्मी: मीच.

मधुवंतीबाई: तू नाहीस.

रश्मी: म्हणजे तुम्ही उभ्या राहणार. ते गुडघे घेऊन. मग उद्या चूक तुमच्या हातून होईल.

मधुवंतीबाई: मीपण नाही.

जालिंदर: मॅडम, आत यिऊ का? सर इचारत्यात, सिस्टरची चिठ्ठी झाली का?

मधुवंतीबाई: जालिंदरमामा, सरांना सांगा, चिठ्ठी नाही. मी येतेय.

जालिंदर: आसंच सांगू?

मधुवंतीबाई: असंच. आणि जाता जाता केसपेपरच्या खिडकीवर सांगा, आजपासून स्त्री वॉर्डात नवीन पेशंट घ्यायचे नाहीत. आहेत त्यांना रात्री शेजारच्या वॉर्डाची सिस्टर बघेल. त्यापेक्षा जास्त तिला झेपायचं नाही.

जालिंदर: खिडकीवरचे मला येड्यात काढतील.

मधुवंतीबाई: मेट्रननं सांगितलंय म्हणा.

जालिंदर: व्हय. जातो.

रश्मी: मॅडम, पेशंट बंद केले तर सर खवळतील. तुमची रिटायरमेंट पुढच्या वर्षावर आलीय. फंडाचे कागद त्यांच्याच सहीनं जायचेत.

मधुवंतीबाई: म्हणून तर तुझा अर्ज ठेवून घेतला होता.

रश्मी: मी लिहून देते दोन ओळी. खरंच. त्यानं काय मोठं बिघडतंय?

मधुवंतीबाई: काय लिहिशील? दोन सिस्टर नकोत म्हणून?

रश्मी: ते कसं लिहू? सिस्टर तर पाहिजेतच.

मधुवंतीबाई: तेच ना. माझा चष्मा कुठे गेला? हां. घरी जा तू. फोन बंद करून झोप.

(मधुवंतीबाई जातात. बऱ्याच वेळानं जालिंदर येतो.)

जालिंदर: सिस्टर, तुमी अजून हितंच? मॅडमनी घरी जायला सांगितलं न्हाई का?

रश्मी: जाते. काय चाललंय सरांच्या खोलीत?

जालिंदर: दार लावून घेतलंय. म्या चहा नेला, तर तसाच ठिवायला लावला.

रश्मी: पण आवाज तर येत असेल.

जालिंदर: आदी सर बोलत हुते. लई मोठ्यानं. पार जिन्यापतुर ऐकू येत हुतं.

रश्मी: आणि आता?

जालिंदर: आता मॅडम बोलत्यात.