दिवाळी अंकांचं बजेट

इकडे हिंदी मुलखात, सोडाला भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरून मराठी ऐकू आलं. आजोबा डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसले होते, आणि आजी त्यांना सोडत नव्हत्या.

“काल वाचनालयाच्या मीटिंगमध्ये मराठी दिवाळी अंक बंद करायला निघाला होतात म्हणे!”

“कोण म्हणालं?”

“मोटवानीभाभी.”

“अगं, मी अध्यक्ष. अख्ख्या कॉलनीत ते अंक नेणारी तू एकटी. उर्दूला पैसे पुरत नाहीत, मल्याळमला पुरत नाहीत, आणि बायकोचे अंक तेवढे चालू? लोक काय म्हणतील?”

“मग काय म्हणाले लोक?”

“बंद करू नका म्हणाले. सिद्दीकीसाहेब तर म्हणाले, उर्दूचं एखादं मासिक कमी करा, पण हे राहू द्या. यांना मराठी कधीपासून यायला लागलं?”

“नाहीच येत. शनिवारी दुपारी मी वाचते आणि हिंदीत सांगत जाते. भाभी येतात, सिद्दीकींची बेगम येते, कुट्टीबाई विणत विणत ऐकतात. परवा गोष्ट अर्धी राहिली, तर सिद्दीकी स्वतः दारात. म्हणे, आगे क्या हुआ?”

“मला कधी बोलली नाहीस!”

“दुपारी तुम्ही झोपता.”

“मतलब, बंद करा म्हणणारा मी एकटाच.”

“एकटेच.”

“ऑपरेशननंतर थोडे दिवस वाचायचं नाही म्हणालेत डॉक्टर. मीही येईन म्हणतो शनिवारी. एक खुर्ची ठेव.”

“खुर्च्या भरल्यात. सतरंजीवर बसा, अध्यक्ष.”